घळीतले बिऱ्हाड

एकदा एक व्यापारी आपल्या गोतावळ्यासह अभयारण्याच्या काठावरील एका मठात मुक्कामाला उतरला. मठात एक वृद्ध साधू आणि त्यांचा तरुण शिष्य असे दोघेच राहत. व्यापाऱ्याने हात जोडून विचारले, "महाराज, इकडे वाघीण व्यायली आहे म्हणतात. कुठे बघायला मिळेल?"

साधू शांतपणे म्हणाले, "मला ठाऊक नाही."

शिष्य चपापला. त्याच दिवशी पहाटे, ओढ्यावर पाणी भरताना, दोघांनीही वाघिणीला पाहिले होते. तिने एकामागून एक अशी दोन पिल्ले तोंडात धरून पलीकडच्या घळीत नेली होती. ज्यांच्या तोंडून कधी असत्य ऐकले नाही, ते गुरू आज चक्क खोटे बोलले!

दुपारी साधूंचा डोळा लागला असताना व्यापाऱ्याची वृद्ध आई शिष्याजवळ येऊन बसली. "बाळा, माझा जन्म चुलीपुढे गेला. आता डोळ्यांत मोतीबिंदू वाढतोय. दिसतंय तोवर एकदा वाघ बघायचा होता रे."

शिष्याला भरून आले. तो तिचा हात धरून निघाला, तसे सारे कुटुंबच मागोमाग आले. "आम्ही अगदी गप्प राहू," व्यापारी म्हणाला.

घळीसमोर पोहोचल्यावर थोडा वेळ ते गप्प राहिलेही. पण वाघीण घळीच्या तोंडाशी पाठ करून पडली होती. फोटोत तिचा चेहरा येईना. कुणीतरी शीळ घातली. कुणी टाळ्या वाजवल्या. मग व्यापाऱ्याच्या पुतण्याने एक खडा भिरकावला.

"पुरे रे, तिला त्रास होतोय," म्हातारी म्हणाली. तिचे कुणी ऐकले नाही.

वाघीण गुरगुरत उठली. तिने एक पिल्लू तोंडात धरले आणि दाट झाडीत शिरली. दुसरे मागे राहिले.

पाहुणे खुशीत निघून गेले. शिष्य धावत जाऊन वनरक्षकाला घेऊन आला. वनरक्षक दुरूनच पाहून म्हणाला, "कुणी जवळ जाऊ नका. माणसाची चाहूल नसेल तर आई परत येईल." दोघे लांब जाऊन बसले. पिल्लू सारखे ओरडत होते. सांजावता सांजावता आवाज बारीक झाला. आई आली नाही. सकाळी वनरक्षकाने ते निष्प्राण पिल्लू घोंगडीत गुंडाळून नेले.

शिष्य गुरूंच्या पायांशी कोसळला. "महाराज, मला शिक्षा करा. पण तुम्ही खोटे का बोललात, ते तेव्हाच का नाही सांगितले?"

साधूंनी त्याला उठवून जवळ बसवले. "सांगायला हवे होते. तुला न सांगता समजेल असे मला वाटले. बाळा, वाऱ्याने बाळंतिणीच्या खोलीचा पडदा उडाला आणि आपल्याला आत दिसले, म्हणून काय गावाला हाक मारायची? आपल्या दृष्टीस पडते ते सगळे आपल्या मालकीचे नसते. तिचा आसरा सांगायचा अधिकार मला नव्हता. म्हणून असत्याचा दोष मी माझ्या माथी घेतला. तुझ्या मनात दया होती, हे मी जाणतो. पण ते दान तू दुसऱ्याच्या घरातून उचलून दिलेस."

त्यानंतर शिष्याला अन्न गोड लागेना. एका सकाळी साधूंनी त्याला ओढा ओलांडताना पाहिले. त्यांनी काठावरून विचारले, "कुठे निघालास?"

"दुसरे पिल्लू जगले का, एवढेच डोळ्यांनी बघून येतो."

पण 'बघून येतो' या स्वतःच्याच शब्दांनी शिष्याचे पाय अडखळले. पलीकडच्या काठावर झाडी निःशब्द उभी होती. तो पुष्कळ वेळ गुडघाभर पाण्यात थांबला आणि मग डोळे पुसत माघारी वळला.

ते पिल्लू जगले की नाही, हे त्याला कधीच कळले नाही. न कळताच त्याच्यासाठी प्रार्थना करायला तो शिकला.