बॉनेटचा उजवा स्टड

सुरुवातीलाच माफी मागतो. शाळा आठवीत सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, आणि शब्दही आम्ही गॅरेजात बोलतो तसेच साधे येतील. जे झालं तेवढंच लिहितो. त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

"अप्पाजी, मला इथंच ठेवून घ्याल का?"

हे विचारलं तेव्हा मी मठाच्या जीपवर ओणवा होतो. तोंड दिसू नये म्हणून मान वर न करताच बोललो.

गुरुसिद्ध अप्पाजी म्हणजे जत भागातल्या आमच्या लहानशा मठाचे स्वामी. म्हातारे, हडकुळे. बाजेवर बसून ते शेंगा सोलत होते.

"इथं म्हणजे कुठं? बॉनेटखाली?"

"मठात, अप्पाजी. शिष्य म्हणून. झाडलोट करीन, भांडी घाशीन."

"आणि घर?"

"घरी दादा आहे. गॅरेज त्याचंच. माझ्यावाचून काही अडत नाही."

खरं म्हणजे दादानं मला जीपचं काम करून संध्याकाळच्या एसटीनं परत यायला सांगितलं होतं. पण मी येतानाच पिशवीत जास्तीचा एक सदरा घातला होता. परत जायचं नाही, हे घरातून निघतानाच मनात होतं.

"का राहायचंय?"

मी फडक्याला हात पुसले.

"मला माणसांत राहता येत नाही. कुणी ओरडलं की जीभ टाळ्याला चिकटते. उत्तर सुचतं ते अंथरुणावर पडल्यावर. इथं बरं वाटतं. इथं कुणी ओरडत नाही."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून रेवणय्या ओरडला, "ताक उघडं कुणी टाकलंय? मांजरानं तोंड घातलं की त्यात!"

रेवणय्या मठाचा आचारी.

अप्पाजींनी माझ्याकडे बघितलं. मी जीपकडे बघितलं.

"आधी बॉनेट बसव," अप्पाजी म्हणाले. "मग सांगतो."

काम तसं लहान होतं. बॉनेट मागच्या बाजूला दोन बिजागऱ्यांवर उघडतं. प्रत्येक बिजागरी एका स्टडवर बसते. स्टड म्हणजे आटे पाडलेला लोखंडी खुंट. बिजागरी त्यावर चढवायची आणि वरून नट आवळायचा. यातला उजवा स्टड मुळातून मोडला होता. अर्धा आत राहिला होता, वर धरायला काहीच नव्हतं. बॉनेट सुंभानं बांधून जीप चालवत होते.

अशा गंजलेल्या तुकड्यावर रॉकेल सोडायचं, हलके टोले द्यायचे आणि सोडून द्यायचं. दुसऱ्या दिवशी हात लावायचा. दादानं मला हेच शिकवलंय.

पण मला उत्तर हवं होतं. बॉनेट बसलं की अप्पाजी सांगणार होते.

मी तुकड्याच्या मधोमध ड्रिलनं भोक पाडलं. त्यात एक्स्ट्रॅक्टर घातला. त्याचे आटे उलटे असतात. तो उलटा फिरवत गेलं की मोडक्या तुकड्यात रुतत जातो, आणि रुतला की त्या तुकड्यालाच फिरवत बाहेर काढतो.

फिरवला. हलेना.

हँडलवर पाइप चढवला आणि अंगाचा भार टाकला.

कट्...

हातात नुसतं हँडल आलं.

मी खालीच बसलो. गॅरेजवाल्याला विचारा, याच्यासारखं वाईट दुसरं नसतं. एक्स्ट्रॅक्टरचं लोखंड सगळ्यांत कडक. त्याला ड्रिल लागत नाही. तरी मी लावून बघितलं. बिट नुसतं घसरलं, तापून काळं पडलं.

रेवणय्या पळी घेऊन बाहेर आला. वाकून बघितलं.

"तू यायच्या आधी जीप बरी होती की रं."

मी काळं पडलेलं बिट पुसत राहिलो.

अप्पाजी बाजेवरून उठून आले.

"काय झालं?"

"मोडला, अप्पाजी."

"तो तर मोडलेलाच होता."

"तो नव्हे... काढायला जे घातलं होतं, ते मोडलं. आतच अडकलं."

"म्हणजे सकाळी काय अडकलं होतं?"

"स्टड."

"आणि आता?"

"आता... स्टड काढायचं हत्यार."

अप्पाजी हसायला लागले. मोठ्यानं नाही, पण थांबेनात. डोळ्यांना पाणी आलं. उपरण्यानं डोळे पुसत जीपच्या मडगार्डला टेकले.

मला लाज वाटली. रागही आला. स्वामी असे हसतात हे मला ठाऊक नव्हतं.

"मग त्याला काढायला काय घालशील, मलगोंडा?"

"काही घालता येत नाही, अप्पाजी. त्याच्याहून कडक आमच्याकडे काही नाही."

"काहीच नाही?"

"नाही."



मग त्यांनी कमरेची थैली सोडली. चिमटीत विभूती घेतली. मी पुढे होऊन मान वाकवली.

अप्पाजी माझ्या बाजूनं पुढे गेले आणि त्या मोडक्या तुकड्यावर तीन बोटं ओढली. भक्ताच्या कपाळावर ओढतात तशी.

रेवणय्याच्या हातातली पळी तशीच राहिली.

माझी मान अजून वाकलेली होती. ती वर कधी करावी हे मला कळेना.

"चालू दे तुझं," अप्पाजी म्हणाले आणि पुन्हा शेंगा सोलायला बसले.

मग मी जे गॅरेजात केलं असतं तेच केलं. अडकलेलं तसंच राहू दिलं. त्याच्या बाजूला नवीन भोक पाडलं, टॅप फिरवून आटे पाडले, नवा स्टड बसवला. बिजागरीचं भोक कानशीनं घासून लांबट केलं, म्हणजे ती थोडी सरकून बसेल. ऊन उतरायला आलं तेव्हा बॉनेट बसलं. उजवीकडची फट डावीपेक्षा किंचित जास्त राहिली, पण उघडझाप नीट होत होती.

रेवणय्यानं तीन-चारदा उघडून लावून बघितलं.

"वाकडं बसलंय."

"हो."

"पण बसलंय," तो म्हणाला आणि आत जाऊन माझ्यासाठी ताक घेऊन आला. "पी. मांजराचं नव्हं हे."

मी हात धुऊन अप्पाजींच्या समोर बसलो.

"बॉनेट बसलं, अप्पाजी."

"बघितलं."

"मग... सांगता ना?"

अप्पाजींनी पुढ्यातली टरफलं गोळा केली. घाई अशी नव्हतीच त्यांना.

"गॅरेजात कोण ओरडतं तुझ्यावर?"

"दादा. गिऱ्हाइकं. शेजारचा पंक्चरवाला पण."

"काय म्हणतात?"

"सांगवत नाही, अप्पाजी."

"रोज?"

"रोज."

"पाया कुणी पडतं तुझ्या?"

मला वाटलं ते थट्टा करताहेत. पण हसत नव्हते.

"नाही, अप्पाजी. माझ्या कोण पडेल?"

"हं..."

फाटकातून एक जोडपं आलं. दोघंही लांबूनच चप्पल काढून, वाकून, अप्पाजींच्या पावलांवर डोकं ठेवून गेली. अप्पाजींनी त्यांच्याकडे बघून हात उचलला. ती गेल्यावर तो हात थोडा वेळ तसाच वर राहिला, खाली घ्यायचं विसरल्यासारखा.

"जीप माझ्यामुळेच मोडली," ते अचानक म्हणाले. "वाऱ्यात बॉनेट उघडं टाकून मी उभा होतो. ते उलटलं, स्टड मोडला. रेवणय्या धावत आला. येऊन काय म्हणाला, ठाऊक आहे?"

"काय?"

"म्हणाला, अप्पाजींची लीला."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"अप्पाजी," मी शेवटी धीर करून म्हणालो, "मला ठेवून घेता की नाही, तेवढं सांगा. एसटी निघून जाईल."

"तू इथं राहिलास तर तिथं तुझी जागा रिकामी होईल."

"हो. पण दादा दुसरा कुणी बघेल."

"दुसरा कशाला?" अप्पाजी पुढे वाकले. आवाज इतका हळू केला की मलाही पुढे वाकावं लागलं. "दादाला विचार... मला घेतील का."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"अप्पाजी, तुम्हाला स्टड काढता येत नाही."

"तुला तरी कुठं येतो?"

त्यांच्या तोंडाकडे मी किती वेळ बघत बसलो कोण जाणे. थट्टा असेल तर डोळ्यांत दिसते. तिथं काही दिसेना. फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला आणि गाडी गेली. मी तिथंच बसून राहिलो. हो नाही, नाही पण नाही. रेवणय्यानं ओसरीवर माझ्यासाठी घोंगडी टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दादाला फोन लावला. मठात राहतो म्हणून सांगायला, की परत येतो म्हणून सांगायला, की दुसरंच काही विचारायला, हे फोन कानाला लावेपर्यंत माझं ठरलं नव्हतं. बाजूला अप्पाजी उभे होते. अंघोळ करून, अंगावर नीट घडीचं उपरणं टाकून, कुठंतरी निघाल्यासारखे.

दादाचा आवाज फोनबाहेर चार हात ऐकू येतो.

"कुठं मेला होतास रात्रभर? कान भाड्यानं दिलेत का? एक बॉनेट बसवायला गेलास का मठ बांधायला? गिऱ्हाईक इथं माझा जीव खातंय, बैला! बोल की!"

माझी जीभ टाळ्याला चिकटली.

अप्पाजींनी डोळे मिटले होते. दादाचं सगळं बोलणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग माझ्या दुसऱ्या कानाशी वाकले आणि हळूच म्हणाले,

"विचार की... पगार नको म्हणावं. रोज असंच ओरडलं तरी पुरे."