हद्दपार झालेला ‘ळ’

“आजपासून ‘ळ’ बंद!”

हैबतराजाने भर दरबारात मूठ आपटली. “कुणी उच्चारायचा नाही, कुणी लिहायचा नाही! ज्याच्या तोंडून निघेल त्याने राज्य सोडून चालतं व्हायचं. मग तो कुणीही असो. अगदी मी असलो तरी!”

आता बिचाऱ्या एका अक्षरावर एवढा राग कशाला? तर राजाचा दहा वर्षांचा मुलगा दौलत. पोरगं हुशार, पण ‘ळ’ला जीभ काही केल्या वळेना. परवा शाळेत मोठ्याने वाचायची पाळी आली. पुस्तकात होतं, ‘राजाने तळ्यातला गाळ काढला.’ दौलतने वाचलं, “राजाने तल्यातला गाल काढला!” सगळा वर्ग खो-खो हसला. तेवढ्यावर निभावलं असतं हो, पण विसाजी पंतोजीही हसले! पोराने पुस्तक भिरकावलं आणि रडत घर गाठलं. पुन्हा वाचणार नाही म्हणजे नाही, म्हणून हटून बसला.

बापाचं काळीज ते, पेटलंच! (मी त्या राज्यात राहत नाही म्हणून बिनधास्त काळीज म्हणतोय.)

पंतोजी हात जोडून पुढे आले. “महाराज, पोरांना वाचायला शिकवायचं तर ते अक्षर लागतंच!”

“लागतं? सिद्ध करा! उद्या सूर्य बुडायच्या आत. पण ते उच्चारायचं नाही आणि लिहायचंही नाही. जमलं तर अक्षर राहील. नाही जमलं तर तुम्ही राज्याबाहेर, आणि तुमच्या त्या शालेला कुलूप!”

पंतोजी परत आले ते शाळेच्या पायरीवर डोक्याला हात लावूनच बसले. दारात भिवरा विटांची भुकटी चाळत होती. मुलं फळीवर धूळ पसरून तीत बोटाने अक्षरं गिरवायची. ती धूळ चाळून देण्याचं काम हिचं. दारात बसून धडे ऐकता ऐकता ती स्वतः वाचायला शिकली होती, आणि तिची लेक आता आत पहिल्या रांगेत बसत होती.

“भिवरे, संपलं सारं! माझी शा... माझी शा...”

“वर्ग म्हणा, पंतोजी. उगाच जीभ घसरायची.” भिवराने चाळण बाजूला ठेवली. शाळा गेली तर लेकीचं वाचणंही गेलं, हे तिला लख्ख दिसत होतं. “झालं तरी काय?”

पंतोजींनी सगळं सांगितलं. “आता न बोलता, न लिहिता सिद्ध करू तरी कसं?”

“तुम्ही कशाला करता? महाराज करतील की! उद्या मी येते दरबारात. तुम्ही फक्त गप्प बसा. आणि एक सांगू? त्या लेकराला हसलात ते वाईट केलंत.”

“हो गं,” पंतोजी खाली मान घालून म्हणाले. “फार वाईट केलं.”

दुसऱ्या दिवशी भिवरा दरबारात उभी राहिली. राजाने विचारलं, “तू सिद्ध करणार?”

“छे, महाराज! मी आपली सेवा करायला आले. आपण जे म्हणाल ते, अगदी जसं म्हणाल तसं करीन.”

“बरं. भूक लागली आहे. आधी केली आण.”

“मी? मी नाही केली, महाराज!”

“काय नाही केली?”

“तेच विचारते! चोरी केली की लबाडी केली? शपथ घेते, मी काही नाही केली!”

“अगं बये, फल! साल सोलून खातात ते!”

“अस्सं होय!” भिवराने लगेच संत्री आणली आणि राजासमोरच सोलायला बसली. सालीची चिळकांडी उडाली ती थेट राजाच्या डोळ्यात!

“आई गं! डोला! डोला!”

“हुकूम!” भिवरा डोलू लागली. राजाज्ञा मोडायची कोणी? प्रधान डोलले, सेनापती डोलले, भालदार-चोपदार सगळे डोलू लागले. कोपऱ्यात रुसून बसलेल्या दौलतला फिस्सकन हसू आलं.

“अरे, डोलता काय मूर्खांनो! पाणी आण गं! वेल लावू नकोस!”

“नाही लावत, महाराज! कारल्याचासुद्धा नाही लावत!”

पाणी आलं. राजाने डोळा धुतला आणि त्याच डोळ्याने भिवराकडे रोखून पाहिलं. “असं काय! आता मला सगलं कललं!”

“कललं?” भिवरा किंचाळली. “अहो, बघता काय, सिंहासन कललं! धरा!” चार शिपायांनी धावत येऊन सिंहासनाला खांदे लावले.

“सिंहासन नव्हे! मला कललं, मला!”

“अगबाई! महाराजच कलले! उचला, उचला!”

शिपायांनी राजाला दोन्ही बगलांत धरून ताठ उभं केलं. राजाचा तोल गेला, म्हणजे रागाचा हो.

“सोडा मला! मी कललो नाही! कळलं! कळलं! मला कळलं!”

भिवराने शांतपणे हात जोडले.

“मी उच्चारलं नाही, महाराज. लिहिलंही नाही. आता राज्य कुणी सोडायचं? पंतोजींनी, की आपण?”

प्रधानांनी डोळे मिटून घेतले. राजाने दौलतकडे पाहिलं. पोरगं पोट धरून हसत होतं, पार पाणी आलं होतं डोळ्यांत. राजाच्या मिशा थरथरल्या, गाल फुगले, आणि हा-हा-हा करून तो असा हसला की बाहेरचे घोडे बिचकले.

“कुणीच नाही! हुकूम रद्द!” त्याने हातातलं सोन्याचं कडं काढून भिवराला दिलं. “उद्यापासून दारात नाही, आत पंतोजींच्या शेजारी बसायचं. या आमच्या चिरंजीवांची जीभ तूच वळव!”

“वळवते की! पण जीभ वळेपर्यंत शंभरदा चुकतील ते. तेव्हा वर्गात कुणी हसलेलं मला चालायचं नाही.”

पंतोजींनी सर्वांत आधी मान डोलावली.

“आणि आबासाहेब कलले तर?” दौलतने विचारलं.

“तेव्हा हसायचं! पोटभर हसायचं!” राजा म्हणाला, आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसत सुटला.