ससा आणि झोपलेली मिरची

एका डोंगराच्या कुशीत, करवंदीच्या जाळीखाली एक ससा आपल्या तीन आईवेगळ्या पिल्लांना घेऊन राहत असे. मुलांनो, ससे मुळातच भित्रे. हा तर पान हललं तरी पिल्लांना पोटाशी ओढायचा. त्याला खरी धास्ती होती रानडुकराची. ते बिळंच्या बिळं उकरून टाकायचं. पण एकदा सशाच्या दारातली लवंगी मिरची त्याने कचाकचा चावली आणि त्याला असा काही ठसका लागला, की तेव्हापासून मिरचीचा वास आला तरी ते वाट बदलू लागलं. त्या एका झाडाच्या जिवावर सशाचं घर उभं होतं.

कडाक्याची थंडी पडली आणि झाडाची पानं गळाली. झाड मेलं की काय, असं सशाला वाटलं. तो धावतपळत म्हाताऱ्या कासवाकडे गेला. कासवाने सगळं समजावून सांगितलं. फांद्या कुरतडून वीतभर बुंधा ठेवायचा, मुळाशी वाळका पाला घालायचा, पाणी अगदी बेताने द्यायचं आणि मग त्याच्या वाटेला जायचं नाही. झडलेल्या मिरच्या दारात पसरल्या की तेवढ्यावर हिवाळा निभावेल.

"पण आजोबा, ते मेलंय की झोपलंय, हे मला कळायचं कसं?" सशाने विचारलं.

"अगदीच राहवलं नाही, तर एकदा नखाने साल जराशी खरवड. आत हिरवं दिसलं की झोपलंय समज," कासव म्हणालं आणि स्वतःही पाल्याखाली झोपायला गेलं.

सशाने सांगितल्याप्रमाणे सारं केलं. साल खरवडली, आत हिरवं दिसलं, तसा त्याचा जीव भांड्यात पडला. पण तो दुसऱ्या सकाळपर्यंतच! पहाटे केवढा गारठा होता, त्यात झाड गेलं तर नसेल? त्याने शेजारीच पुन्हा जरासं खरवडलं. हिरवं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. एवढंसं तर खरवडतोय, त्याने काय होणार आहे, असं तो स्वतःला बजावायचा. बिचाऱ्याचं काळीज थाऱ्यावर नव्हतं. थंडी सरेपर्यंत ते ओरखडे बुंध्याभोवती फिरून एकमेकांना मिळाले.

ऊन तापू लागलं. शेजारच्या उंदराने आपली मिरची पाल्याखाली झाकून खुशाल विसरून टाकली होती. तिला कोंब फुटले. सशाच्या बुंध्यावर काहीच नाही. त्याने नख लावलं, तर आत तपकिरी. दारातल्या मिरच्यांचा भुगा वाऱ्याने कधीच उडवला होता आणि ओढ्यापलीकडून रानडुकराची घुरघुर ऐकू येत होती.

जागं झालेलं कासव आलं. त्याने बुंध्याभोवती एक फेरी मारली.

"रोज हिरवंच होतं हो आजोबा," ससा रडवेला होऊन म्हणाला.

"असणारच. तू रोज विचारलंस, त्याने रोज सांगितलं. अंगावर साल राहिली नाही, तेव्हा गेलं."

ऊन कलायच्या आत ससा पिल्लांना पुढे घालून बीळ सोडून निघाला. धाकटं पिल्लू चालता चालता मागे पडत होतं. 'बरं आहेस ना?' असं विचारायला ससा दर चार पावलांवर तोंड उघडी आणि तसंच मिटून घेई.

तात्पर्य : ज्याच्यावर आपला जीव आहे त्याला जरूर जपावं; पण आपली धास्ती शमावी म्हणून त्याला रोज खरवडून पाहू नये.