पिवळ्या रंगाखालचा हात

"मग हा हात कुणाचा?"

प्रश्न मेमेंचा होता. त्या डोंगरात आजोबांना मेमे म्हणतात, आणि खिंडीखालच्या गोंपातल्या, म्हणजे बौद्ध मठातल्या, या म्हाताऱ्या लामाला सगळा मुलूखच मेमे म्हणायचा.

समोर अंगणात स्नोब्लोअर उभा होता. रस्त्यावरचा बर्फ तोंडाने ओढून दरीत फेकणारी, घराएवढी उंच पिवळी गाडी. येऊन वर्षही झालं नव्हतं. बाकी अंग तुळतुळीत होतं. फक्त दाराशेजारी, माणसाच्या छातीच्या उंचीवर, रंगाला फोड आले होते. काही फुटून त्यांचे पोपडे सुटले होते. नीट पाहिलं की कळायचं... एक तळवा आणि पाच बोटं.

गाडी आणली होती वामन टेंभेकरने. रस्त्याचा इंजिनियर. सांगलीकडचा, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक. पण ड्रायव्हर आता त्या गाडीत बसायला तयार नव्हते. आत बसलं की बाहेरून कुणीतरी पत्र्यावर थाप मारतं, असं ते म्हणत. बर्फ तोंडावर आला होता. गाडी चालली नाही, तर खिंडीपलीकडची तीन गावं हिवाळाभर अडकून पडणार होती. शेवटी टेंभेकर स्वतःच गाडी चालवत इथे आला.

वाटेत थाप ऐकू आली का, हे मेमेंनी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

आधी त्याने शास्त्र सांगून पाहिलं. पत्र्यावर घाम किंवा तेल राहिलं आणि वरूनच रंग मारला, तर रंग धरत नाही, फुगतो. यात भुताटकी काही नाही. मेमेंनी ते लगेच मान्य केलं. मग खरवडावं आणि पुन्हा रंगवावं, इतकंच ते म्हणाले.

"तीनदा खरवडला. नुसता पत्रा राहीपर्यंत. रॉकेलने पुसला, प्रायमर दिला. आठ दिवसांत पुन्हा तिथेच..."

"पाचही बोटं?"

"पाचही."

गोंपात राहणारा एक म्हातारा लोणी-मिठाचा चहा घेऊन आला. टेंभेकरने त्याच्याकडे न बघता वाटी उचलली. त्याची करंगळी वाटीला टेकत नव्हती. लहानपणी मोडून वाकडी बसली होती. मेमे त्या करंगळीकडे बघत राहिले.

मग त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. आणि टेंभेकरला सांगावं लागलं.

फेब्रुवारीतली गोष्ट. गाडी कोरी करकरीत येऊन पोचली होती. दुसऱ्या दिवशी मोठे साहेब यायचे, नारळ फुटायचा, फीत कापली जायची. गाडीला हार घालून, फीत बांधून ठेवली होती. त्या दुपारी वरचा बर्फाचा कडा सुटला आणि रस्त्यावर काम करणारा रिगझिन नावाचा मजूर बर्फाखाली गेला. त्याचा बाप धावत आला. तोंडाला मफलर गुंडाळलेला, डोळे तेवढे दिसत होते. गाडीवर थापा मारत तो एकच वाक्य म्हणत होता, साहेब, चालू करा.

"आणि तू?"

"नारळ फुटला नव्हता, मेमे. फीत तशीच होती. साहेबांच्या आधी गाडी वापरली असती तर... मी माणसं पाठवली. दहा माणसं, फावडी घेऊन."

"सापडला मुलगा?"

"सापडला. संध्याकाळी."

वरच्या गच्चीवर पताका फडफडत होत्या.

बापाच्या थापांनी कोऱ्या रंगावर ओरखडे उठले होते. सकाळी फोटो निघणार होते. टेंभेकरने घाईघाईने ती जागा स्वतःच्या तळव्याने खसाखसा पुसली आणि वरून रंगाचा थर मारून घेतला. फोटो छान आले. गाडी चकाकत होती.

"त्या माणसाने शाप दिलाय," टेंभेकर म्हणाला. इतका वेळ धरून ठेवलेली ऐट आता उतरली होती. "त्याचा हात उठतोय तिथे. मला भीती वाटते, मेमे. काहीही करायला सांगा, पण तो हात तिथून घालवा."

"तो माणूस भेटला तर ओळखशील?"

"न ओळखायला काय झालं? त्याची ती थाप अजून डोळ्यांपुढे आहे माझ्या."

मेमेंनी मान वळवली.

"अंगचुक, हात दाखव."

चहा आणणाऱ्या म्हाताऱ्याने किटली खाली ठेवली आणि उजवा हात पुढे केला. अंगठा, आणि दोन बोटं. उरलेली दोन वीस वर्षांपूर्वी याच रस्त्यासाठी सुरुंग लावताना गेली होती. जखमा जुन्या, वाळून गुळगुळीत झालेल्या.

टेंभेकर त्या हाताकडे बघत राहिला. मग वर, डोळ्यांकडे. मफलर नव्हता, पण डोळे तेच होते. वाटी त्याच्या हातातून निसटली.

"हे रिगझिनचे..."

"वडील," मेमे म्हणाले. "त्या दिवशी हाच हात होता ना, अंगचुक?"

अंगचुकने मान डोलावली. मग तो कोणाकडे न बघता गाडीकडे निघून गेला.

मग गाडीवरचा हात कुणाचा, हे विचारायचं टेंभेकरला धाडस होईना. मेमे सावकाश उठले, त्याच्या मनगटाला धरून त्याला गाडीपाशी घेऊन गेले आणि फोडांकडे बोट दाखवलं.

"ठेव."

त्याने नकारार्थी मान हलवली. मेमे थांबून राहिले. ऊन गोंपाच्या भिंतीवरून उतरलं, तरी ते थांबूनच होते.

शेवटी त्याने हात ठेवला.

तळवा तळव्यावर बसला. बोटं बोटांवर बसली. करंगळीपाशी तो थबकला. फोडांची करंगळीही वाकडी होती, तेवढीच, त्याच बाजूला. त्याने ती हळूच टेकवली. वीतभर पत्र्यावर एक रेघही बाहेर उरली नाही.

अंगणातल्या पाण्याला साय धरावी तसा बर्फ धरत होता. पत्रा गारठलेला असायला हवा होता. त्याच्या हाताखाली तो कोमट होता.

डोक्यावर केबिनचं पलीकडचं दार लागल्याचा आवाज झाला. त्याने वर पाहिलं. अंगचुक ड्रायव्हरच्या जागी चढून बसला होता. हात मांडीवर, नजर सरळ समोर. खाली कुणी उभं आहे हे त्याच्या गावीही नव्हतं.

टेंभेकरने काचेकडे बघत हाक मारली. अंगचुकने मान वळवली नाही. टेंभेकरने पत्र्यावर थाप मारली... एकदा... मग पुन्हा.

"मेमे, त्यांना ऐकू येत नाहीये का?"

"हात उचलू नकोस," मेमे म्हणाले. "आता म्हण, साहेब, चालू करा."