झुबकीची अडलेली उडी

ऐका हं. हात मांडीवर. कान इकडे.

परसात जांभळाचं झाड. झाडावर घरटं. घरट्यात खारूआई आणि तिची तीन पिल्लं. सगळ्यात धाकटी झुबकी. झुबकी बोटभर, शेपूट हातभर. त्या शेपटीचा झुबकीला भारी तोरा!

एक दिवस खारूआई म्हणाली, "चला रे, घर बदलायचंय. भिंतीपलीकडे चिंच आहे. चिंचेवर नवं घरटं आहे. एक उडी मारायची, की पोचलो."

आई गेली. टुणुक!
दादा गेला. टुणुक!
ताई गेली. टुणुक!

झुबकीने पाय उचलले आणि...
गुडगुड गुडगुड!
पोट दुखलं. उडी अडली.

चिंचेवरून आई म्हणाली, "न्यायला येऊ का ग?"
झुबकीने शेपूट वर केलं. "नको! मी माझी येईन!"

झुबकी पोटाला म्हणाली, "पोटा पोटा, उडी दे."
पोट म्हणालं, "गुडगुड! तीन दिवस काय खाल्लंस?"

झुबकीचं शेपूट खाली आलं.

त्याचं काय झालं, परसापुढच्या घरात लग्न झालं होतं. नवी काकू आली होती. काकूबरोबर रुखवत आलं होतं. रुखवत म्हणजे नवरीच्या घरून आलेला, सगळ्यांनी बघावा म्हणून मांडलेला खाऊ. सगळ्यांनी बघितला. झुबकीने खाल्ला.

"पहिल्या दिवशी करंजी," झुबकी म्हणाली. "दुसऱ्या दिवशी करंजी. तिसऱ्या दिवशी लाडू."
"आणि?"
"आणि करंजी."

पोट म्हणालं, "माझ्यात पहारेकरी राहतात. इवले इवले. दिसत नाहीत, पण आजाराला हाकलतात. नुसतं गोड खाऊन ते दमलेत बिचारे. त्यांना ताक दे. मग उडी देईन."

निघाली झुबकी. टुणुक टुणुक नाही. खुरडत खुरडत.

स्वयंपाकघरात होतं मडकं.
"मडक्या मडक्या, ताक दे."
"कशाला ग झुबके?"
"उडी आहे पोटात. पोट म्हणतं, ताक दे."

मडकं म्हणालं, "डब डब! माझ्या तळाशी विरजण आहे. एक चमचा. नव्या काकूने माहेरून आणलंय, एसटीत मांडीवर धरून. पण नुसत्या विरजणाचं ताक होतं का? दूध दे. मग ताक देईन."

निघाली झुबकी. खुरडत खुरडत.

गोठ्यात होती शेळी.
"शेळीताई शेळीताई, दूध दे."
"कशाला ग झुबके?"
"उडी आहे पोटात. पोट म्हणतं, ताक दे.
ताक आहे मडक्यात. मडकं म्हणतं, दूध दे."

शेळी म्हणाली, "ब्यॅ ब्यॅ! सकाळी वाळका कडबा. संध्याकाळी वाळका कडबा. त्याचं दूध होतं का कुठे? हिरवा पाला दे. मग दूध देईन."

निघाली झुबकी. खुरडत खुरडत.

विहिरीपाशी होता शेवगा.
"शेवगेदादा शेवगेदादा, पाला दे."
"कशाला ग झुबके?"
"उडी आहे पोटात. पोट म्हणतं, ताक दे.
ताक आहे मडक्यात. मडकं म्हणतं, दूध दे.
दूध आहे शेळीकडे. शेळी म्हणते, पाला दे."

शेवगा म्हणाला, "सळसळ! पाला आहे माझा, टॉनिक आहे टॉनिक! असा कसा देऊ? माझी माती बघ, दगड झालाय नुसता. खत दे. मग पाला देईन."

निघाली झुबकी. खुरडत खुरडत.

ओल्या मातीत होतं गांडूळ.
"गांडुळा गांडुळा, खत दे."
"कशाला ग झुबके?"
"उडी आहे पोटात. पोट म्हणतं, ताक दे.
ताक आहे मडक्यात. मडकं म्हणतं, दूध दे.
दूध आहे शेळीकडे. शेळी म्हणते, पाला दे.
पाला आहे शेवग्यावर. शेवगा म्हणतो, खत दे."

गांडूळ म्हणालं, "वळवळ! खत करणं माझं काम. पण कशाचं करू? तुझं पोट करंज्यांनी भरलंय. माझं रिकामंच आहे. पपईची साल दे. मग खत देईन."

निघाली झुबकी. खुरडत खुरडत.

ओट्यावर होती रेवू. काकूची पुतणी, चार वर्षांची. नाक सूं सूं. पुढ्यात बशी. बशीत पपईच्या फोडी, सालीसकट.

नवी काकू म्हणत होती, "एक फोड, रेवूबाई. सर्दीशी भांडायला बळ नको का?"
"नको. पपईला पपईचा वास येतो."

काकूने बशी पुढे सरकवली. ती फार बोलतच नाही. बघते मात्र सगळं.

"रेवू रेवू, साल दे."
"कशाला ग झुबके?"
"उडी आहे पोटात. पोट म्हणतं, ताक दे.
ताक आहे मडक्यात. मडकं म्हणतं, दूध दे.
दूध आहे शेळीकडे. शेळी म्हणते, पाला दे.
पाला आहे शेवग्यावर. शेवगा म्हणतो, खत दे.
खत आहे गांडुळाकडे. गांडूळ म्हणतं, साल दे."

रेवू म्हणाली, "सूं सूं! फोड खाल्ली की साल उरते. पण मी नाही खाणार. आधी उडी दाखव. मग खाईन."

अरे देवा! रेवू म्हणते, उडी दाखव. पण उडी तर आहे पोटात!

झुबकी मटकन खाली बसली.

चिंचेवरून आई म्हणाली, "न्यायला येऊ का ग?"

झुबकीने डोळे पुसले. शेपूट वर केलं. "नको! मी माझी येईन!"

मग तिने डोळे मिटले. दात आवळले. आणि मारली उडी.

टुण.

टुणुक नाही हं. नुसतं टुण. दोन बोटं उंच.

रेवू ओरडली, "काकू, काकू! पोट दुखतंय तरी मारली!"
"बघितली मी," काकू म्हणाली. "आता तुझी पाळी."

रेवूने फोड घेतली. नाक दाबलं. तोंड उघडलं.
गट्टम्!
"हं," रेवू म्हणाली. "बरी आहे."
आणि दुसरी फोड घेतली.

मग काय!
रेवूने दिली साल.
साल दिली गांडुळाला, गांडुळाने दिलं खत.
खत दिलं शेवग्याला, शेवग्याने दिला पाला.
पाला दिला शेळीला, शेळीने दिलं दूध. काकूने काढलं, चुर्र चुर्र.
दूध दिलं मडक्याला, आणि मडकं म्हणालं, "थांबा."

थांबा? हो. विरजणाला घाई चालत नाही. काकूने मडकं झाकून ठेवलं. झुबकी राहिली शेजारी, शेपटीचं पांघरूण घेऊन.

सकाळी दही लागलं. घट्ट! काकूने रवी फिरवली. घुर्र घुर्र, घुर्र घुर्र. झालं ताक.

ताक दिलं पोटाला. पहारेकरी उठले. इवले इवले, ताठ ताठ. गुडगुड थांबली.

आणि पोटाने दिली... काय दिली?
उडी!

झुबकी चढली जांभळावर. रेवू बघतेय. काकू बघतेय. शेळी मान लांब करून बघतेय. चिंचेवरून आई, दादा आणि ताई बघतायत.

एक. दोन. तीन.
टुणुक!
भिंतीवरून, थेट चिंचेवर!

आई म्हणाली, "आली ग माझी बाय! कुणी आणलं तुला?"

झुबकीने शेपूट वर केलं. उंच उंच. "थोडी आणली ताकाने. थोडी दुधाने. थोडी पाल्याने, थोडी खताने, थोडी सालीने. एक घास रेवूने."
"आणि बाकीची?"
"बाकीची सगळी मी माझी आले!"

रेवूची सर्दी? ती काही एका दिवसात जात नाही. पण रेवू आता रोज फोड खाते, नाक न दाबता. आणि साल कुणाची, ते तिला बरोबर ठाऊक आहे.

रुखवतातली शेवटची करंजी? ती काकूने फडताळात ठेवलीय. कडी लावून.

झुबकी गेली भिंतीपलीकडे,
गोष्ट उरली आपल्याकडे.