भद्रकेतूचा निरोप

एका राज्यात कुणी मरत नसे. ऐकायला गोड वाटतं, नाही? तिथल्या माणसांना विचारा. आंबा पिके, पण देठ सोडीना. वाघाने अर्धी खाल्लेली शेळी कुरणात पडून ओरडत राही. घरोघरी अंथरुणाला खिळलेली माणसं छताकडे डोळे लावून पडलेली असत, आणि त्यांची लेकरं हात जोडून म्हणत, देवा, आता पुरे कर. पण देवाचाही इलाज नव्हता. राजवाड्याच्या उंबरठ्यात एक मणी बसवलेला होता, त्याचं नाव स्थिरमणी.

तो बसवला होता राजकन्या पद्मरेखेने. अकरा वर्षांपूर्वी तिचे वडील, राजा भद्रकेतू, तापाने फणफणले. वैद्यांनी हात टेकले. एकोणीस वर्षांची पोर अनवाणी धावत गेली ती कालंजर मांत्रिकाच्या गुहेत. "माझ्या आबांना मरू देऊ नका," एवढंच ती म्हणाली. कालंजर खोटं कधी बोलत नसे, फक्त अर्धंच बोलत असे. त्याने मणी दिला आणि सांगितलं, "हा बसव. राजा या दाराबाहेर जाणार नाही." राजा म्हणजेच राज्य, म्हणून राज्यातलं कुणीच जाणार नाही, हे उरलेलं अर्धं त्याने सांगितलं नाही.

राजा जगला. ताप उतरला, पण दुखणं हाडांत शिरलं ते शिरलंच. कूस बदलताना असा कण्हे की दाराशी उभे असलेले भालदार माना खाली घालत. पद्मरेखा त्याला भरवी, पुशी, औषध देई. दर वसंतात तो म्हणे, "पद्मा, मला मोकळं कर." दर वसंतात ती म्हणे, "आबा, औषध घ्या." वेड लागावं इतकी माया होती तिची त्याच्यावर, आणि त्या मायेनेच त्याला बांधून घातलं होतं. अकराव्या वसंतात तो काही बोललाच नाही, नुसता भिंतीकडे तोंड करून पडला. तेव्हा ती घाबरली. उठली आणि पुन्हा त्या गुहेशी गेली.

"मणी काढायचा आहे," ती म्हणाली.

"काढायचं मन आहे?" कालंजराने विचारलं.

"नाही."

"खरं बोललीस, म्हणून सांगतो. तीन कामं कर. पहिलं, वेदना बोलते की माणूस बोलतो, ते ओळख. दुसरं, भीड बोलते की माणूस बोलतो, ते ओळख. तिसरं, दारात उभी राहून बापाला निरोप दे."

"तिसरं सोपं आहे."

मांत्रिक हसला. गुहेतली वटवाघळंही हसली.

पहिल्या कामासाठी सात डोंगरांपल्याड जायचं होतं. तिथला झरा खालून वर वाहतो. त्याचं ओंजळभर पाणी प्यायलं की सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत दुखणं नाहीसं होतं. झऱ्याच्या तोंडावर पाय ठेवून दगडी हत्ती उभा होता.

"पाणी कुणासाठी?" हत्तीने विचारलं.

"वडिलांसाठी."

"तुझ्या वडिलांना आजवर कुणासाठी ठेवलंस?"

पद्मरेखा तीन दिवस तिथे बसून राहिली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "माझ्यासाठी." हत्तीने पाय उचलला.

भद्रकेतू पाणी प्यायला आणि उठून बसला. मग उभा राहिला. गरम भाकरी मागितली, वर लोण्याचा गोळा मागितला, लेकीला सोंगट्यांच्या डावात दोनदा हरवलं आणि जिंकल्यावर टाळ्या पिटल्या. पद्मरेखेला वाटलं, झालं! आता हे कसले जायचं म्हणतायत! ऊन कलू लागलं तेव्हा तिने विचारलं, "आबा, अजूनही मोकळं व्हायचंय?"

"व्हायचंय," राजा म्हणाला. "आज काही दुखत नाहीये, म्हणून आजच नीट ऐकून घे."

तिच्या हातातली सोंगटी खाली पडली.

दुसऱ्या कामासाठी अरण्यात जायचं होतं. तिथे हजार वर्षांच्या झाडाच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी बसली होती. ढोलीचं तोंड चिखलाने लिंपलेलं, चोचीपुरती फट. तिचं पीस मुठीत धरलं की माणूस दुसऱ्याच्या भिडेखातर एकही शब्द बोलू शकत नाही.

"तुला इथे कुणी कोंडलं?" पद्मरेखेने कळवळून विचारलं.

"कुणी नाही. पिलांसाठी मी स्वतःच आतून दार लिंपलं," पक्षीण म्हणाली. "बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून विचारावं लागतं. बरं केलंस विचारलंस." आणि फटीतून एक काळंपांढरं पीस बाहेर आलं.

राजाने ते मुठीत धरलं. पद्मरेखेने दालनातून सगळ्यांना बाहेर काढलं, आणि हिय्या करून विचारलं, "माझ्यावर भार नको, म्हणून जाता का?"

"भार झालोय, ते मला दिसतं. वाईटही वाटतं," राजा म्हणाला. "पण त्यासाठी नाही जात. माझं जेवण झालंय गं. पोटभर झालंय, चवीने झालंय. आणि तुम्ही मला पानावरून उठूच देत नाही आहात."

बाहेर वृद्ध प्रधान विश्वंभर वाट अडवून उभे होते. "राजकन्ये, आज राजेसाहेब. उद्या कुठल्याही घरातली नकोशी म्हातारी दाराकडे ढकलली जाईल. त्याचं काय?"

"तुमची भीती खरी आहे, प्रधानजी. म्हणून तर एवढी पायपीट केली. ज्याला जायचं त्यानेच सांगायचं, पुन्हा पुन्हा विचारून सांगायचं. ढकलायचं कुणीच नाही."

प्रधानांना ते पटलं नाही. पण त्यांनी वाट सोडली.

सकाळी सगळं नगर राजवाड्यापुढे गोळा झालं. झऱ्याच्या पाण्याची शेवटची ओंजळ पिऊन राजा पांढरं धोतर नेसून दारात आला. सगळ्यांना हात जोडले, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि उंबरठ्यावर पाऊल ठेवत म्हणाला, "बरं, येतो हं."

"या," पद्मरेखा म्हणाली.

आणि मणी कडाडला. राजा जणू कुणी मागून ओढावा तसा मागे फेकला गेला, तो थेट पलंगावर. दुखणं दुपटीने परतलं. लोक रडू लागले. कुणाला काही समजेना.

तुम्हाला समजलं असेल. त्या राज्यात काय आणि आपल्यात काय, घरातून निघताना "जातो" असं कुणी म्हणतं का? लहानपणी म्हटलं असेल तर पाठीत धपाटा बसला असेल. राजाच्या जिभेला सवयच ती. आणि मणी तर शब्दाचा पक्का! येतो म्हणाला, आणलं परत.

राजा कण्हत होता आणि मधेच हसतही होता. "ऐंशी वर्षांची जीभ, पोरी. उद्या नीट बोलेन. तुझं मात्र तुलाच बघावं लागेल."

पद्मरेखा तो अख्खा दिवस पलंगाशी बसून होती. आता सगळं तिच्या एका शब्दावर आलं होतं. उद्या पुन्हा "या" म्हटलं, तर चूक झाली असंच जग म्हणेल. परवा पुन्हा. वडील राहतील. कुणी दोष देणार नाही. तिला हे किती हवंहवंसं वाटलं, ते तिने स्वतःपासूनही लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी नव्हतं. राजा दोघांच्या खांद्यांवर हात टाकून, पावलापावलाला ओठ चावत दारापर्यंत आला. तिथे त्याने दोघांना दूर केलं.

"पद्मा, मी जातो."

लोकांनी कानांवर हात ठेवले. पद्मरेखेने चौकट घट्ट धरली. "या" हा शब्द तिच्या दातांपर्यंत आला होता. तिने तो गिळला.

"जा, आबा," ती म्हणाली. "सावकाश जा."

मण्याचं पाणी झालं. राजाने उंबरठा ओलांडला, आणि चार पावलं तो ताठ चालला, तरुणपणी चालायचा तसा. त्याच्या अंगातून सोनेरी उजेड निघून वर गेला, आणि देह पायरीवर शांत बसून राहिला. मग अकरा वर्षांचे आंबे एकदम भुईवर पडले. त्या आवाजाने डोंगर हादरले. कुरणातली शेळी गप्प झाली. घरोघरच्या अंथरुणांवरून तसेच उजेड उठले, इतके की भर सकाळी आकाश चांदण्यांनी भरलं. लोक तोंडात बोट घालून बघत राहिले, आणि रडायचं की हात जोडायचे ते कुणाला उमगेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं.

प्रधान विश्वंभर जवळ आले. "राणीसाहेब, आपलं चुकलं तर नाही?"

"मला ठाऊक नाही, प्रधानजी," पद्मरेखा म्हणाली. "मी विचारलं होतं, आणि उत्तर त्यांचं होतं."

मग ती आत गेली, रिकाम्या पलंगावर बसली आणि मनसोक्त रडली. सुतक फिटल्यावर सिंहासनावर बसली आणि पुष्कळ वर्षं नीट राज्य केलं. तिला जसा निरोप देता आला, तसा ज्याचा त्याला, ज्याच्या त्याच्या वेळी देता येवो.