ढोलीच्या दारावरची केसर

फार मागे, माणसाला मधाची चवही ठाऊक नव्हती तेव्हा, एका उंबराच्या ढोलीत मधमाश्यांचे पोळे होते. लहानपणीच दूरच्या रानात शिकायला गेलेली केसर नावाची माशी तिथे परतली. घर म्हणजे काळोखी, मागासलेली ढोली असणार, असे तिला वाटले होते. आत मात्र हजारो माश्या एका लयीत पंख हलवून वारा घालत होत्या, आणि बाहेर ऊन रणरणत असूनही मेण वितळत नव्हते. केसर बघतच राहिली.

तेवढ्यात पोळ्यातली थोरली माशी वारा घालणाऱ्या एका म्हाताऱ्या माशीला म्हणाली, "चांदणीमावशी, तुझा पंख फाटला. उद्या उजाडताच बाहेर."

"बाहेर तिला पक्षी टिपतील," केसर म्हणाली.

"रीत आहे ती. चार बुकं शिकलीस म्हणून ढोली तुझी झाली नाही."

"उडता येत नाही गं," चांदणी केसरला हळूच म्हणाली, "वारा अजून घालते. पण विचारतंय कोण?"

संतापून केसर रानाकडे निघाली. फांदीवर टेकून तिने मागे पाहिले. सगळे झाड आतून गुणगुणत होते. एवढे अद्भुत घर अन्यायाच्या हवाली करून जाणे तिला जमेना.

सकाळी तिने दारावरचे काम मागून घेतले. गांधीलमाश्यांच्या भीतीने ते कुणालाच नको असे, त्यामुळे लगेच मिळाले. माश्या चांदणीला ढकलत दाराशी आल्या, तेव्हा केसर आडवी उभी राहिली.

"रीत मोडतेस?" थोरलीने विचारले.

"दार राखतेय," केसर म्हणाली. "मावशी, आत चल. वारा कमी पडतोय."